पायाखालची हाक

“…आणि समजा गाव अनोळखी. ओळखीचं कुत्रंही नाही. हातात कुणाची चिठ्ठी नाही, आणि पोचायचं तर आहेच. मग वाटेत विश्वास ठेवायचा तो कुणावर, दिगू?”

हेरलेकर बाईंनी प्रश्न टाकला आणि बशी चाचपून कप तिच्यावर ठेवला.

दिगंबर खोतानं मायक्रोस्कोपवरून डोळा उचलला नाही.

प्रश्न त्याला नवा नव्हता. बाई प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी हाच प्रश्न घालत. तीन वर्षांपूर्वी तो कागलहून सांगलीला आला, तेव्हा त्यालाही घातला होता. परीक्षेत पहिला आलेला गडी. इस्त्रीची कॉलर, आणि कॉलरीपेक्षा मान ताठ.

“स्वतःवर, बाई,” तो तेव्हा म्हणाला होता.

“वा! म्हणजे तू चुकणार हे नक्की झालं,” बाई हसून म्हणाल्या होत्या. “बस. चहा घे.”

तेव्हापासून तो बसला होता.

पण तीन वर्षं जवळ बसलेल्या माणसाला तोच प्रश्न पुन्हा कशासाठी? रोजच्या गिऱ्हाइकाला कुणी नाव विचारत नाही. विचारलंच, तर समजावं की दुकानदाराच्या मनात काहीतरी आहे.



बाईंचा विषय एकच. अंड्यात पिल्लू घडत असतं, मेंदू अजून नुसता आकार धरत असतो, त्या वेळी एखाद्या पेशीतून एक मज्जातंतू निघतो. इतका बारीक, की कोळ्याचा धागा त्याच्यापुढे दोरखंड. त्याला जायचं असतं लांब, एका ठरावीक जागी, ठरावीक पेशींपाशी. सोबत नाही, नकाशा नाही. तरी पोचतो.

कसा?

बाई हळदीच्या दलालाची लेक. हे समजावून सांगायला त्यांना परदेशी पुस्तक उघडावं लागत नसे. हळदीच्या बाजारात पूर्वी सौदा कसा व्हायचा? दोघांनी हात पुढे करायचे, वर रुमाल टाकायचा आणि खाली बोटांनी बोलायचं. एक बोट दाबलं, दुसरं सोडलं, भाव ठरला. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता नाही.

“तंतूचं टोक म्हणजे रुमालाखालचा हात,” बाई सांगत. “डोळे नाहीत, बोटं आहेत. एक बोट पुढे जातं, शिवून बघतं. पटलं तर धरतं, नाही पटलं तर मागे येतं. जिकडे पटलं, तिकडे अख्खा हात सरकतो.”

पण जायचं कुठल्या बाजूला, हे बोटांना कोण सांगतं?

बाईंचं उत्तर होतं… हाक.

घडणाऱ्या मेंदूच्या मधोमध एक रेघ असते. डावीकडच्या पुष्कळ तंतूंना उजवीकडे जायचं असतं, उजवीकडच्यांना डावीकडे. ते आधी त्या मधल्या रेघेपाशी येतात, ती ओलांडतात आणि पुढे लागतात. बाई म्हणायच्या, त्या रेघेतून एक रस झिरपतो, त्याचा वास लांबवर पसरतो आणि त्या वासानं तंतू ओढले जातात. दिवाळीत कुणाकडे चकल्या तळतायत, हे गल्लीच्या तोंडाशी कळतं ना? तसं.

या एका शब्दावर बाईंचं आयुष्य उभं होतं. त्यापायी लग्न राहिलं, घर बांधायचं राहिलं, भावाशी बोलणं राहिलं. देशोदेशीच्या विद्वानांनी बाईंची हाक आपल्या पुस्तकांत घेतली.

मग बाईंचे डोळे गेले.

गेले तेही विचित्र तऱ्हेनं. कडेचं दिसायचं, मधलं नाही. समोरच्याचा चेहरा बघायचा तर त्यांना त्याच्या कानाकडे बघावं लागे. माणूस असा कडेकडेनं कसाबसा दिसतो. तंतू दिसत नाही.

“जन्मभर मधल्या रेघेकडे बघत बसले,” त्या म्हणायच्या, “म्हणून देवानं मधलंच काढून घेतलं. सौद्याला चोख आहे हो तो.”

तेव्हापासून दिगू त्यांचे डोळे झाला.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर बाईंनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आपलं दुकान मांडलं होतं. उबवणीची पेटी, मायक्रोस्कोप, दोन स्टुलं. हॅचरीतून अंडी यायची. दिगू अंड्याच्या कवचाला खिडकी पाडायचा, आतल्या जिवाला धक्का न लावता. तसा हात साऱ्या जिल्ह्यात नव्हता, हे त्याला ठाऊक होतं आणि तो ते दुसऱ्यालाही विसरू देत नसे.

बाईंना मरण्याआधी एकच गोष्ट बघायची होती. म्हणजे, दिगूच्या डोळ्यांनी बघायची होती.

मधल्या रेघेतला तो रस तेवढा बंद करायचा. बाकी काही हलवायचं नाही. हाक हेच कारण असेल, तर हाक बंद झाल्यावर तंतू भरकटले पाहिजेत. रेघेकडे वळताच कामा नयेत.

युक्ती अवघड होती. दिगूनं ती साधली. तंतू रंगवले, स्लाइड लावली, डोळा टेकवला.

“वळला का?” शेजारच्या स्टुलावरून बाईंनी विचारलं होतं.

तो वळला होता. एकच नव्हे, रांगच्या रांग वळली होती. हाक बंद, आणि मंडळी आपली रेघेपाशी हजर.

“बाई, रस बंद आहे… तरी आलेत.”

 कपाच्या कडेवरून बाईंचं बोट फिरत राहिलं.

“परत बघ,” त्या म्हणाल्या.

त्यानं नवी अंडी घेतली. पुन्हा तेच दिसलं. पुन्हा “परत बघ.” त्या दिवसांत बाईंचं जेवण कमी झालं. सकाळी अंगणात फुलं वेचताना त्या गुणगुणत, तेही थांबलं. पुन्हा अंडी, पुन्हा तेच, पुन्हा “परत बघ.” आवाज दर वेळी थोडा म्हातारा.

आणि मग एके दिवशी “वळला का?” म्हटल्यावर दिगूच्या तोंडून निघून गेलं,

“नाही, बाई. भरकटले.”

बाई उठल्या. चाचपत स्वयंपाकघरात गेल्या आणि दिसत नसताना स्वतःच्या हातानं शिरा केला. तूप जास्त, साखर त्याहून जास्त. दिगूनं बशी पुसून खाल्ली. शिरा घशाखाली उतरला, पचला मात्र नाही.

एकदा खोटं नाणं चाललं की दुसरं काढायला हात कचरत नाही. नंतरच्या प्रत्येक खेपेला तो तेच सांगत गेला. बाई गुणगुणायला लागल्या. हैदराबादेहून एका मोठ्या प्रयोगशाळेनं दिगूला बोलावलं, तेव्हा त्यानं नकार कळवला. वर चारचौघांत सांगितलं, “बाईंना सोडून मी कुठं जाणार?” त्याचं त्यालाही ते खरं वाटलं.

आता पुण्याला मोठी सभा ठरली होती. गाडी उद्या सकाळी यायची होती. बाई बोलणार, दिगू पडद्यावर चित्रं दाखवणार. हाक बंद केली, तंतू भरकटले. एका तपस्येचा शेवट गोड.

आणि आज, आदल्या दुपारी, बाई विचारत होत्या, विश्वास ठेवायचा कुणावर.

“उत्तर दे की.”

“तुम्हीच शिकवलंत, बाई. हाकेवर.”

“हं… आणि हाक मारणाराच खोटा असला तर?”

दिगूनं मायक्रोस्कोपचा स्क्रू उगाच फिरवला. स्लाइड धूसर झाली.

“हाक बंद केल्यावर किती भरकटले म्हणालास?”

“सगळे.”

“एकही नाही पोचला?”

“एकही नाही, बाई.”

“एकही नाही…”

बाहेर पत्र्यावर चिमण्यांची नखं वाजत होती.

“माझे वडील पोत्यात हात घालायचे,” बाई म्हणाल्या. “मूठभर हळकुंडं काढायची, हातावर पसरायची. चार किडकी निघाली की भाव करायला बसायचे. एकही किडकं निघालं नाही, की पोतं बाजूला. मी विचारलं, दादा, चांगलं पोतं का सोडलं? तर म्हणाले, पोरी, हे शेतातनं आलेलं नाही. हे कुणीतरी बसून भरलंय.”

दिगूनं स्लाइड काढली, पुसली, पुन्हा लावली.

“मला डोळे होते तेव्हा मी पाहिलंय ना रे. हाक चालू असताना, धडधाकट अंड्यातसुद्धा दोनचार चुकार तंतू असायचेच. कुठेतरी भलतीकडे तोंड करून बसलेले. आणि आता हाक बंद केली, तर चुकूनसुद्धा एक पोचत नाही? निसर्ग इतका शिस्तीचा नाही, दिगू. माणूस असतो.”

“बाई, मी…”

“ऊठ. बाहेर चल.”

शेडपासून घराच्या मागच्या दारापर्यंत अंगण होतं. मधून शहाबादी फरश्यांची वाट, तीही सरळ नव्हे. नळाला वळसा घालून गेलेली. बाजूला खडी, पाण्याचं पिंप, कपडे धुवायचा दगड.

“तू तिकडे दारात जाऊन उभा राहा,” बाई शेडच्या उंबऱ्याशी थांबून म्हणाल्या. “आणि मला हाक मार.”

“कशाला, बाई? मी हात धरून नेतो की.”

“पुष्कळ नेलंस. जा.”

तो गेला. दारात उभा राहिला.

“बाई!”

आवाजाच्या रोखानं बाई सरळ निघाल्या. पहिल्याच वळणाला फरशी सुटली आणि त्या खडीत उतरल्या.

“बाई, थांबा! डावीकडे…”

“तू बोलत राहा. हाक मार.”

“बाई!”

धप्पकन गुडघा पिंपावर आपटला. पाणी डचमळलं. दिगू धावला.

“जागचा हलू नकोस, गाढवा!” बाई गुडघा चोळत हसल्या. “बघितलंस? हाक खणखणीत होती. मी कुठे आहे? पिंपापाशी.”

त्या चाचपत परत शेडच्या उंबऱ्याशी गेल्या. चपला काढल्या.

“आता गप्प राहायचं. हूं की चूं नाही. खोकलासुद्धा आला तर गिळायचा.”

बाई अनवाणी निघाल्या. दुपारच्या उन्हानं फरश्या तापल्या होत्या. पाऊल आधी नुसतं टेकायचं, अंगठा कडेला लागला की किंचित आत यायचं, मगच भार पडायचा. एक हात पुढे, बोटं पसरलेली, हवेत कुणाला तरी विचारत असल्यासारखी. नळापाशी दगड ओलसर होता. तो लागला तशी बाई वळल्या. वळायचं होतं तितक्याच वळल्या.

दिगू श्वास रोखून बघत होता. असं बघायची त्याला सवय होती, फक्त एवढ्या मोठ्या आकारात त्यानं ते कधी पाहिलं नव्हतं.

बाईंची बोटं त्याच्या सदऱ्याच्या गुंडीला लागली.

“आले,” त्या म्हणाल्या.

दिगूनं त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

“डोळे गेल्यापासून रोज अशी येते. लांबून तू हाक मारतोस, मला बरं वाटतं, एवढंच. पोचवते ती फरशी.” त्यांनी पाय फरशीवर घासला. “माझ्या पायाला जे पहिल्या दिवशी कळलं, ते डोक्याला कळायला किती दिवस लागले बघ. मान ताठ झाली की डोकं पायांचं ऐकत नाही.”

“बाई…” दिगूचा आवाज फुटला. “ते पोचत होते. पहिल्या दिवसापासून. सगळेच्या सगळे नाही… पण पोचत होते.”

बाईंनी मान हलवली.

रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

“रस कुठे आहे मग?” त्यांनी हळूच विचारलं. “शोधलास? की तेही नाही?”

“शोधला. तुम्हाला न सांगता शोधला. मधल्या रेघेत बंद केला, तरी वाटेकडच्या पेशी तोच रस तयार करतात, बाई. स्वतःच्या अंगचा. तो लांबून येत नाही. तंतूच्या वाटेवरच सांडलेला असतो, पट्ट्यासारखा. तंतू त्याला धरून धरून येतो.”

“म्हणजे पायाखाली.”

“पायाखाली.”

“फरशी!”

“फरशी, बाई.”

बाईंचा चेहरा उजळला. क्षणभर त्या सत्तरीच्या राहिल्या नाहीत. दिगूलाही हसू आलं, डोळ्यांत पाणी असताना. दोघंही दारात उभे राहून हसत होते, जत्रेत हरवलेलं पोर सापडावं तसे.

मग बाई पायरीवर बसल्या. हसणं हळूहळू विरून गेलं.

“केवढं सुंदर आहे रे… आणि आपल्याकडे होतं. या पत्र्याखाली. इतके महिने पडून होतं.”

“हो.”

“एव्हाना दुसऱ्या कुणीतरी पाहिलंही असेल.”

“असेल, बाई.”

“बरं झालं. कुणीतरी पाहायला हवंच होतं.” त्या थांबल्या. “मला बघायचं होतं.”

दिगू त्यांच्या पायाशी बसला. बाईंच्या साडीवर गुडघ्यापाशी पिंपाची ओली कड उमटली होती.

“तुम्हाला कधी कळलं?”

“तू खोटं बोलतोयस हे? शिऱ्याच्या दिवशी.”

“त्याच दिवशी?”

“तुझा आवाज खाली बसला होता. पहिल्या दिवसापासून इतक्या ऐटीत बोलणारा तू, आणि बाईची हाक खरी ठरली हे सांगताना तुला ऐट करता येऊ नये?”

“मग तेव्हाच का नाही बोललात? तोंडावर मारायचं होतं!”

 बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, सोडत राहिल्या.

“शिरा गोड झाला होता, दिगू.”

अंगणातली सावली पिंपापर्यंत आली होती.

“मी ‘परत बघ’ म्हणाले,” बाई म्हणाल्या. “पुन्हा पुन्हा म्हणाले. एकदा तरी म्हणायचं होतं, काय दिसलं ते सांग. नाही म्हणाले. तू चांगला पोरगा. बाईला काय हवंय ते तुला कळलं, आणि तू आलास, ओढल्यासारखा. अंड्यात हाक नव्हती रे… या पत्र्याच्या खोलीत होती.”

“चूक माझी आहे, बाई.”

“तुझी आहेच. माझी त्यात कमी करू नकोस.”

“उद्या पुण्याला काय सांगायचं?”

“मी सांगीन. जन्मभर जे सांगत आले, ते असं नाही म्हणून सांगीन. लोक हार आणतील, तो घालून घेईन. आणलेला हार परत कुठे न्यायचा त्यांनी?”

“आणि तुमची सारी वर्षं?”

“ती गेली. डोळ्यांच्या आधीच गेली, मला दिसली नाहीत इतकंच.”

दिगूनं तोंड पुसलं. मग घाईघाईनं बोलायला लागला, जसा चुकलेला माणूस बोलतो तसा.

“मी इथेच राहतो, बाई. सगळं पहिल्यापासून करू. नवी अंडी आणतो, नव्यानं रंगवतो. या वेळी जे दिसेल तेच सांगतो, शपथ घेतो. रोज तुमच्याजवळ बसून…”

“तंतू रेघ ओलांडतो,” बाई मध्येच म्हणाल्या. “मग परत का येत नाही?”

परीक्षेत विचारावं तसं विचारलं. दिगूनं सवयीनं उत्तर दिलं.

“त्याच रेघेत एक कडवट रसही असतो. रेघेपाशी येईपर्यंत तंतूला तो लागत नाही. ओलांडली की लागायला लागतो. मग रेघच त्याला लांब ढकलते.”

“हे तरी खरं ना? की हेही मला बरं वाटावं म्हणून?”

“हे खरं, बाई.”

“आणि ज्याला ते कडू लागतच नाही?”

“तो रेघेपाशीच घुटमळतो. पलीकडे जातो, परत येतो. तिथल्या तिथे फिरत राहतो.”

“पोचतो?”

दिगूनं बाईंकडे पाहिलं. बाई त्याच्या कानाकडे बघत होत्या. म्हणजे त्याचा चेहरा बघत होत्या.

“नाही,” तो म्हणाला.

बाई उठल्या. त्या आधारासाठी हात पुढे करतील म्हणून तोही उठला आणि सवयीनं कोपर पुढे केलं. कोपर त्यांनी धरलं नाही. तळहात त्याच्या छातीवर ठेवला. तो हात हलका होता, हळदीच्या वाळक्या पानासारखा.

आणि ढकललं.

दिगू पायरीवरून खाली अंगणात उतरला. पडला नाही. पडण्याइतका जोर त्या हातात नव्हताच.

“बाई…”

“हैदराबादवाल्यांचा परवा पुन्हा फोन आला होता. मीच घेतला. अजून जागा रिकामी आहे म्हणाले. मी सांगितलंय, मुलगा येतोय म्हणून.”

“तुम्हाला आता बघणार कोण?”

“बघणारा होता, त्यानं काय दिवे लावले?” बाई हसल्या. मग हसू आवरलं. “फरशी आहे. पाय आहेत. चुकले तर पिंप आहे.”

“पुण्याला तरी येऊ द्या. चित्रं कोण दाखवणार?”

“आंधळ्या बाईला चित्रं कशाला? मी तोंडी सांगीन. तू उद्या तिथे नकोस. तू समोर असलास तर मला तुझी बाजू सावरून घ्यावीशी वाटेल, आणि मग पुन्हा तेच.”

दिगू पुढे आला आणि त्यांच्या पायांवर वाकला. फरशीच्या धुळीनं पाय माखले होते. त्यानं कपाळ टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही. बाईंचा हात त्याच्या डोक्याकडे आला, केसांपर्यंत आला, आणि तसाच मागे गेला.

तो उभा राहिला. आपल्याकडे निघताना म्हणतात तसं म्हणाला,

“येतो, बाई.”

“नको.”

“काय नको?”

“‘येतो’ नको. ‘जातो’ म्हण.”

दिगू चरकला. दारातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही. शेजारी ताक आणायला निघाला तरी म्हणत नाही. ‘जातो’ म्हणतो, तो परत न येण्यासाठी गेलेला.

“असलं अभद्र बोलायला लावू नका, बाई. काय वाटेल ते सांगा, पण हे…”

“म्हण, दिगू.”

नळाचा थेंब दगडावर पडला. दुसरा पडला.

“म्हण.”

त्यानं तोंड उघडलं.  

“…जातो.”

बाईंनी चेहरा बाजूला वळवला, पार खांद्यापर्यंत. नजरेच्या कडेला जेवढा मावला, तेवढा तो पाहून घेतला.

“तिकडे पोचलेले लिहिशील, तसे चुकलेलेही लिही,” त्या म्हणाल्या. “कुणाला काय आवडेल ते बघत बसू नकोस. एवढं माझ्यासाठी कर…” मग थांबल्या, मान हलवली. “नाही. माझ्यासाठीसुद्धा नको. हिशेब खरा ठेव, बाळा.”